‘सगळ्या पुण्याची तहान’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पेशवाई बुडाल्यानंतरच्या पुण्यातल्या बाजारावर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोन दिवस मनात घोळते आहे. दोन ओळींत आटोपावी अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे आक्षेप दोन आहेत. १८१८ नंतर पुणं ओस पडलं असताना ‘बाजार टिकला’ म्हणणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं, हा पहिला. दुसरा माझ्या एका वाक्यावर आहे: ‘कात्रजच्या पाण्यानं सगळ्या पुण्याची तहान भागत होती.’ त्यावर तुम्ही विचारलंत, ‘सगळ्या म्हणजे कोणाकोणाची? आमच्या खापरपणजीला त्या हौदाला हात लावू दिला असता का?’

नसता लावू दिला. ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त बांधकाम होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला बांधलेला तलाव, तिथून शहरापर्यंत आलेला चुन्या-विटांचा भुयारी नळ, हवा सुटावी म्हणून वाटेत उभारलेले उच्छ्वास आणि पेठांमधले हौद. त्या कारागिरीचं मला लहानपणापासून वेड आहे आणि त्या वेडापायी हौदाच्या काठावर कोण उभं राहू शकत होतं, हा प्रश्नच मी विचारला नाही.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यापासून एक वस्तू डोळ्यांपुढून हलत नाही. पखाल. कातड्याची मोठी पिशवी, बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी, तोंड दोरीनं आवळलेलं. रस्त्यावर पाणी मारायला, बांधकामाला, छावणीत साहेबाच्या घरी पाणी भरायला पखालजी लागायचा. सोवळ्याच्या घरात कातड्यातलं पाणी चालत नसे. तिथे पाणक्या यायचा, खांद्यावर तांब्याची घागर घेऊन. म्हणजे एकाच गावात पाणी पोचवण्याचे दोन वेगळे धंदे, आणि कोणाच्या घरी कोणतं पाणी जाणार हे जात ठरवणार. आणि ती पखाल, विहिरीवरची ती मोट, ती शिवणारे हात कोणाचे? ज्यांनी भांडं शिवलं त्यांनाच पाणवठा बंद. माझ्या लेखात पखालीचा उल्लेख आहे, शिवणाऱ्याचा नाही. ही चूक साधी नाही, मला ती मनापासून बोचली.

जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हणजे पेशवाई जाऊन पन्नास वर्षं झाली होती, राज्य इंग्रजांचं होतं, तरी एका घरचा हौद उघडणं ही एवढी मोठी गोष्ट ठरली. राज्य बदललं म्हणून पाणवठे आपोआप खुले झाले नाहीत, हेही या निमित्तानं नोंदवतो. नंतर खडकवासल्याचं धरण झालं, नळ आले. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही.

पुण्याला फटका बसला, आणि चांगलाच बसला. दुसरे बाजीराव वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा घेऊन गंगेकाठी बिठूरला गेले. त्यांच्यामागून किती तरी घरं गेली. शालू, अत्तर, म्यान, पालखी, होदा यांचं गिऱ्हाईकच गेलं. त्या वस्तूंवर पोट असणाऱ्यांसाठी तुमचा ‘ओस’ हा शब्द खरा आहे. पण बाजार म्हणजे काही केवळ सरदारांची खरेदी नव्हे. चिपट्या-मापट्यानं धान्य मापणारा वाणी, कुंभार, बुरूड, तेली, परीट, न्हावी यांच्याकडे येणारी माणसं पेशवे गेले तरी जेवत होती आणि कपडे धूत होती. शिवाय शहराच्या पूर्वेला छावणी वसली, तिचा सदर बाजार उभा राहिला. म्हणजे एक गिऱ्हाईक गेलं तसं दुसरं आलंही, फक्त त्याच्या गरजा वेगळ्या होत्या. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबईचा माल बैलांच्या पाठीवरून उतरून गाडीत चढला. नाण्यांचंही तसंच. अंकुशी, चांदवडी असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालायचे आणि सराफ बदलून देताना बट्टा कापायचा. १८३५ मध्ये कंपनीनं एकसारखा रुपया काढला, तेव्हा सराफाच्या त्या कमाईला ओहोटी लागणारच होती. आपण आजही ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, तो शब्द याच दुकानांतला.

तांबट आळीचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. आपले पूर्वज कोकणातून आले, पेशव्यांसाठी तोफा आणि नाणी घडवायचे, असं तिथली मंडळी सांगतात. दरबार गेला आणि हातोडा घंगाळांवर, हंड्यांवर, बंबांवर चालू लागला. मठारकाम कधी जवळून बघा. भांडं खुंट्यावर उलटं धरतात आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाला लागून एक ठोके घालत जातात. प्रत्येक ठोक्याची छोटी चकती उमटते. ती निव्वळ शोभा नसते, ठोकल्यानं तांब्याचा पत्रा कडक होतो आणि भांडं सहजी चेपत नाही. ही विद्या १८१८ मध्ये मेली नाही. माझ्या आजीकडचं घंगाळ त्याच आळीतलं होतं.

आजीकडे कल्हईवालाही यायचा. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, पितळेचं पातेलं तापवायचा, त्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक फेर. काळं पातेलं आतून चंद्रासारखं व्हायचं. आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. जाताना तो पाणी मागायचा आणि आजी वरून ओंजळीत घालायची. त्याला कधी पेला दिलेला मला आठवत नाही. ‘सगळ्या पुण्याची तहान’ लिहिताना हेही आठवायला हवं होतं.

लेखातलं ते वाक्य आज काढलं. तिथे आता असं आहे: ‘कात्रजचं पाणी पेठांमधल्या हौदांपर्यंत येत होतं, हौदावर कोणी यायचं हे जात ठरवत होती.’ पखालीच्या परिच्छेदात ती शिवणाऱ्यांबद्दल चार ओळी घातल्या आहेत. तुमच्या घरी खापरपणजीच्या पाणवठ्याबद्दल काही सांगितलं जात असेल, ती कोणत्या पेठेत राहायची, पाणी कुठून आणायची, तर जरूर लिहा. तुमची परवानगी असेल तर तुमच्याच शब्दांत लेखात घेईन.