शरदाचं चांदणं आणि माझा सनकोट

शरद ऋतूवर कविता करणाऱ्यांपैकी कुणालाच कोथरूडहून बाणेरला स्कूटरवर जावं लागलेलं नाही, याबद्दल माझी खात्री आहे. निरभ्र आकाश, टिपूर चांदणं, तळ्यातली कमळं, सगळ्याचं वर्णन येतं. त्या चांदण्यात उभ्या माणसानं अंगात काय घालावं, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. वर आपल्याकडचा आशीर्वाद काय, तर ‘जीवेत शरदः शतम्’. शंभर शरद! म्हणजे शंभर ऑक्टोबर, तेही पुण्यात. त्यातल्या त्यात वैद्यमंडळी प्रामाणिक. ‘वैद्यानां शारदी माता’ म्हणून मोकळी झाली. शरद ही वैद्यांची आई. आपली ती कोण लागते, ते आपण सर्दी-खोकला अंगावर काढत ठरवायचं.

हवामान खात्याच्या हिशेबानं मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला मुंबईतून निघतो आणि त्याच सुमाराला पुण्यातून. निघतो म्हणजे ‘बरंय, येतो’ म्हणून चपला घातल्यावर दारात अर्धा तास बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा निघतो. मधूनच परत आत येतो, अंगणातले कपडे भिजवतो, पुन्हा ‘येतो’ म्हणतो. ढग हटल्यावर ऊन थेट टाळूवर, जमीन अजून ओली, त्यामुळे दुपारी घामाच्या धारा. रात्री आकाश मोकळं असल्यानं दिवसभराची ऊब वर निघून जाते आणि पहाटे दात वाजतात. महिनाअखेरीस दुपारी ३२ अंश आणि पहाटे १७, हे आमच्याकडे अगदी नेहमीचं. दिवस एक, त्यात पंधरा अंशांची दरी, आणि ती ओलांडायला माझ्याकडे एक कुर्ता.

माझी भाची कॉलेजात आहे आणि कपड्यांच्या बाबतीत ती मला सुधारण्यापलीकडची केस समजते. ‘मावशी, सध्या फॉल लुक चालू आहे. मस्टर्ड, रस्ट, ऑलिव्ह. आणि लेयरिंग कर ना जरा!’ असं म्हणून तिनं मला फोनवर एक मुलगी दाखवली. लाल-पिवळ्या पानांच्या सड्यावर, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, हातात कॉफी घेऊन ती कुठेतरी चालली होती. मी म्हटलं, ‘बाई गं, ही पानगळ तिकडची. आपल्याकडे पानं झडतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऑक्टोबरात बाहेर बघ, सगळं हिरवंगार आहे. या बुटांनी पाषाणच्या रस्त्यावर चालले तर बुटांसकट खड्ड्यात जाईन.’

आणि लेयरिंग मला शिकवायचं? पुण्यातल्या दुचाकीवाल्या बायका लेयरिंग करत होत्या तेव्हा त्या रीलवालीचा जन्म व्हायचा होता. खाली लेगिंग, वर कुर्ता, त्यावर पांढरा सनकोट, कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांची फट सोडून सगळं डोकं गुंडाळणारा स्कार्फ, त्यावर गॉगल आणि त्यावर हेल्मेट. सकाळच्या गारठ्यासाठी सनकोटाच्या आत एक पातळ स्वेटर. डिकीत रेनकोट, कारण पाहुणा अजून दारात आहे. या अवतारात सिग्नलला माझी सख्खी जाऊ शेजारी येऊन थांबली, तरी आम्ही दोघींनी एकमेकींकडे ‘कोण ही बया’ अशा नजरेनं बघितलं.

खरा प्रयोग असतो तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये, उतरवण्याचा. हेल्मेट काढलं की स्कार्फची पिन केसांत. पिन काढताना हातमोजा दातात धरावा लागतो. मग सनकोट, मग घामानं पाठीला चिकटलेला स्वेटर. स्वेटर डोक्यातून निघताना कुर्ताही बरोबर निघू बघतो, म्हणून एका हातानं कुर्ता खाली ओढायचा आणि दुसऱ्यानं स्वेटर वर. नेमके त्याच वेळी आमचे साहेब गाडी लावून ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. मी लोकरीच्या आतून उत्तर देते.

बरं, एवढं उतरवून वर जावं तर तिथे एसी. याच्या रिमोटचा मालक कोण, हे आमच्या ऑफिसातलं सर्वांत जपलेलं गुपित आहे. सरकारनं २०२० पासून घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून पाठवायला सांगितले. आमच्या मजल्यावरच्या यंत्राला ही बातमी कुणी कळवलेली नाही. त्यामुळे खुर्चीच्या पाठीवर माझी एक करड्या रंगाची शाल बारमाही मुक्कामाला असते. सकाळी हौसेनं निवडलेला कुर्ता, त्यावरचं चांदीचं गळ्यातलं, सगळं त्या शालीच्या आत. माझी ऑफिसातली ओळख विचाराल तर ‘ती शालवाली’.

कपाट हा आणखी एक अध्याय. चार महिने पावसात बंद राहिलेलं कपाट उघडल्यावर जो कुबट वास येतो, त्यात अत्तराची अख्खी बाटली बुडेल. नवऱ्याच्या कातडी पट्ट्यावर हिरवट बुरशी. टसरच्या साडीची घडी जिथे मोडली होती तिथे एक पिवळी रेघ. मग रविवारी सगळ्या कपड्यांना ऊन दाखवायचं. रेशमी साड्या उलट्या करून सावलीत, सुती उन्हात, आणि सासूबाई गच्चीच्या दारात खुर्ची टाकून पाहणीला. ‘ही कधी नेसलीस गं? घेतल्यापासून पाहिली नाही मी अंगावर.’ त्यांच्याकडे माझ्या प्रत्येक साडीची जन्मपत्रिका आहे.

त्या ढिगातूनच ते ब्लाउज बाहेर येतात. शिवताना आमच्या ब्लाउजवाल्या ताईंनी आत दोन्ही बाजूंना चांगली दोन बोटं माया ठेवली होती. तेव्हा मला ती उधळपट्टी वाटली होती. आता आतून पाहिलं तर जुन्या टिपांच्या भोकांच्या ओळी दिसतात, एकीपलीकडे एक, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांवरून वय काढावं तशा. शेवटची टीप आता अगदी कडेला आली आहे. ताईंनी हुकांवरून बोट फिरवत, माझ्याकडे न बघता निकाल दिला, ‘यात आता माया नाही राहिली.’ नवीन शिवून द्या म्हटलं तर, ‘नवरात्राचं घेणं गणपतीतच बंद केलं. आता टाकलंत तर पाडव्याच्या आदल्या दिवशी.’ कुठला पाडवा, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

नवरात्र आलं की मात्र काय घालायचं हा प्रश्नच उरत नाही. तो ग्रुपवर सुटलेला असतो. वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकानं नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला घेतले, बायकांनी फोटो पाठवले, आणि बघता बघता ती परंपरा झाली. याला शास्त्राधार नाही, असं पंचांगवाले दरवर्षी सांगतात. ते ऐकायला आम्ही सगळ्या एकाच रंगाच्या साड्या नेसून बसलेल्या असतो.

मी या पद्धतीचा थोडा अभ्यास केला आहे. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार केशरी. पहिले सात दिवस वार ठरला की रंग ठरला. भांडणं होतात ती उरलेल्या दिवसांवरून. मोरपंखी म्हणजे निळ्याकडचा हिरवा की हिरव्याकडचा निळा, यावर आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत मोराचे फोटो टाकले गेले. २०२५ मध्ये तर तिथी वाढून नवरात्रच दहा दिवसांचं आलं. दहाव्या दिवशीच्या रंगाबद्दल जे बोललं गेलं, ते देवीनं ऐकलं नसावं अशी आशा आहे.

पुरुष सहकाऱ्यांचं बरं असतं. सोमवारी पांढरा शर्ट, बुधवारी निळा, की त्यांची भक्ती पूर्ण. एक जण तर सगळे दिवस तोच फिकट निळा शर्ट घालून येतो आणि प्रत्येक रंगाच्या फोटोत मागे उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, ‘लाइटवर अवलंबून आहे.’

राखाडी नेहमी शनिवारी येतो आणि शनिवारी आम्हाला सुट्टी, ही देवीची कृपा समजून मी निश्चिंत होते. पण सोसायटीनं भोंडला नेमका शनिवारी ठेवला. राखाडी रंगाचं माझ्याकडे जे एकमेव स्वच्छ वस्त्र होतं, ते म्हणजे ऑफिसातली शाल. ती घरी आणली. पाटावरच्या हत्तीभोवती, ‘ऐलमा पैलमा’च्या तालावर, दुपारच्या त्या घामट उकाड्यात मी लोकरीची शाल पांघरून फेर धरला. खिरापत ओळखायच्या आधीच मला भोवळ यायला लागली. बायका म्हणाल्या, अंगात येतंय बहुतेक.

कोजागरीला गच्चीवर मसाला दूध पिताना दव पडलेलं जाणवलं की आमच्या घरी हिवाळा जाहीर होतो. बाकी पुण्यात थंडी पडली की नाही, हे ठरवायची रीत वेगळी आहे. शहरात वेधशाळा आहे, तीही ‘सिमला ऑफिस’ नावाची, पण पुणेकर विश्वास ठेवतो तो सारसबागेतल्या गणपतीवर. तळ्यातल्या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी चढली की थंडी अधिकृत. माझे सासरे मात्र देवासाठीसुद्धा थांबत नाहीत. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ते माकडटोपी आणि मफलर लावून तळजाईला फिरायला निघतात आणि नऊ वाजता घामाघूम होऊन परततात. टोपी काढा म्हटलं तर ‘हे ऊन फसवं असतं’ म्हणतात. ते खोटं नाही, म्हणून घरात कुणी वाद घालत नाही.

राहता राहिली दिवाळी पहाट. पहाटे साडेपाचला उघड्या मैदानात, दवानं ओल्या झालेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पैठणी नेसून ललत ऐकायचा. गायकाच्या अंगावर शाल, तबलजीच्या अंगावर जाकीट, आणि समोर आम्ही शेकडो बायका बिनबाह्यांच्या नाहीतर आखूड बाह्यांच्या ब्लाउजात, कारण शाल घेतली की पदर दिसत नाही आणि पदर दिसणार नसेल तर पैठणी कशाला नेसायची? पहिली बंदिश होईपर्यंत मी तत्त्वाला धरून राहिले. द्रुत सुरू झाली तेव्हा माझे दातही त्याच लयीत होते. शेवटी नवऱ्यानं अंगातलं विंडचीटर काढून माझ्या खांद्यावर टाकलं, नारिंगी रंगाचं, पाठीवर एका जुन्या मॅरेथॉनचा नंबर असलेलं. नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला.

तो फोटो घरच्या ग्रुपवर पडला. भाचीनं लिहिलं, ‘मावशी!!! फायनली लेयरिंग!’ सासूबाईंनी चष्मा लावून फोन जवळ धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, ‘पैठणी छान दिसतेय. पण त्यावर गॅसच्या सिलेंडरवाल्याचा कोट का घातलास?’