मशीनमधून निघालेली कॅप सरळ तोंडात बसवत नसतात

आठ दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, माझ्याच पेशंट लोकांनी मला चारदा पाठवला. "नवीन मशीनची दाताची कॅप एका तासात तयार होते, हात लावायचं कामच नाही, पॉलिश-ग्लेझ म्हणजे नुसती चकाकी आणि बिल वाढवायचा धंदा." मी नागपूरच्या धंतोलीत दातांच्या दवाखान्यात रोज हेच काम करतो म्हणून लिहितोय.

"हात लावायचं काम नाही". अहो, 1985 साली झुरिचमध्ये या पद्धतीची सुरुवात झाली तेव्हा मशीन चावायची बाजू कोरतच नव्हतं, डॉक्टर ती तोंडातच बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, घडवायचे. आता मशीन ती पण कोरतं पण काम तिथे संपत नाही ना. लिथियम डायसिलिकेट नावाच्या सिरॅमिकची कॅप मशीनमधून निघते तेव्हा निळी-जांभळी असते, कच्ची असते, आणि ज्या ब्लॉकमधून (ठोकळ्यातून) ती कोरतात त्याला जोडणारा छोटा खुंट एका बाजूला तसाच असतो. तो खुंट कापायचा, शेजारच्या दाताशी कॉन्टॅक्ट बघायचा, बारीक डायमंड बरने हलक्या हाताने कडा नीट करायच्या, हे सगळं निळी असतानाच, कारण नंतर ती कडक होते. या अवस्थेत पेशंटला जोरात चावायला पण लावायचं नाही, तडकते. मग स्वच्छ धुऊन, आतून पेस्ट भरून पिनवर उभी करायची आणि फर्नेसमध्ये साधारण 840 डिग्रीला भाजायची, तेव्हा कुठे दाताचा रंग येतो आणि ताकद दुपटीच्या वर जाते. बाहेर काढली की आपोआप थंड होऊ द्यायची, घाईत हवा मारायची नाही.

हायब्रीड ब्लॉकला, म्हणजे सिरॅमिक आणि रेझिन मिळून केलेल्या ब्लॉकला, भट्टी लागत नाही, तेवढ्यापुरता मेसेज खरा आहे. पॉलिश मात्र त्यालाही लागतंच.

"पॉलिश म्हणजे चकाकी", याचा मला खरंच राग येतो. महाल भागातल्या एक काकू आल्या होत्या, दुसरीकडे झिरकोनियाची (फार कडक सिरॅमिकची) कॅप बसवलेली, वर ठणठणीत, आणि खालच्या दाताला चकतीसारखा खड्डा. कॅप उंच लागली म्हणून तोंडातच घासली होती आणि पॉलिश न करता तशीच सोडून दिली, नख फिरवलं तर खरखर लागत होती. झिरकोनिया गुळगुळीत असेल तर समोरच्या दाताला बरी जाते, खरबरीत राहिली तर ती कानशीच झाली. त्यात आपल्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा माणूस तासन्‌तास तोंड हलवत असतो, विचार करा.

"ग्लेझ केलं की पॉलिश कशाला?" ग्लेझ म्हणजे वरचा पातळ काचेसारखा थर, चावायच्या जागी तो हळूहळू झिजतो आणि त्याच्या खाली जसा पृष्ठभाग ठेवला असेल तोच वर येतो. म्हणून चावायची जागा आधी रबर पॉलिशरने, कमी स्पीडवर, तापू न देता घासून घ्यायची. आणि बसवल्यावर चावा तपासायच्या निळ्या कागदाचा ठिपका जिथे उमटतो ती उंच जागा घासली की तिथलं ग्लेझ गेलंच, परत पॉलिश. तुम्ही जीभ फिरवून बघा, खरखरीत लागलं तर खुर्चीवरून उठायच्या आधीच सांगा.

राहिला "एका तासात"चा मुद्दा. भट्टीचा वेळ साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. तेवढा वेळ बसून राहा बाप्पा, जबडा सुन्न असताना खाली तर्री पोहे खायला जाऊ नका, गाल चावला जातो.