न वापरलेल्या कपड्यांची मॉरिशस ट्रिप

मॉरिशसहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅगा रिकाम्या करायला बसले, तेव्हा ठरवून एक गोष्ट केली. ज्या कपड्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती, ते सगळे पलंगावर एका बाजूला रचत गेले. चौघांचे मिळून २७ निघाले. माझ्या दोन साड्या, नवऱ्याचा ब्लेझर (समुद्रावर ब्लेझर! 'एखादं डिनर असलं तर' म्हणे), लेकीने फक्त फोटोंसाठी घेतलेले चार ड्रेस, सासूबाईंचे कपाटातल्या वासासकट गेलेले आणि त्याच वासासकट परत आलेले दोन ठेवणीतले पंजाबी ड्रेस. जाऊन-येऊन बारा-तेरा तासांचा विमानप्रवास करून आम्ही या कपड्यांना मॉरिशस दाखवून आणलं.

यावर लिहायचंच होतं, कारण आता श्रीलंका, मालदीव, मॉरिशस, बाली असं करत आपल्या ओळखीतलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या बेटावर जाऊन येतंय आणि प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर तीच ती 'बॅगेत काय काय न्यावे' यादी फिरतेय. आमच्याकडे आलेल्या यादीत ३८ वस्तू होत्या. चहाची किटली होती, प्रेशर कुकरसुद्धा होता. आपण कुठल्या महिन्यात जातोय, हा प्रश्न मात्र त्यात कुठेही नव्हता.

निघायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. घरातला वजनकाटा माणसांचा, त्यावर बॅग ठेवली की आकडाच झाकला जातो. नेमका तेव्हा सोसायटीत रद्दीवाला आला होता. त्याच्या हुकाच्या काट्याला सासूबाईंची बॅग लटकवली. तो बिचारा एक पाय मागे रोवून, दोन्ही हातांनी काटा वर धरून उभा, हँडल कुरकुरतंय, आणि काटा २६ च्या पुढे. "ताई, रद्दी असती तर साडेतीनशे दिले असते," म्हणाला. तिकिटावर माणशी २३ किलो. मग दारातच, चपलांच्या स्टँडशेजारी बॅग उघडून बसलो आणि वजन कमी करायला काय काढलं? लोकरीची शाल, सासूबाईंचा स्वेटर आणि माझंही जॅकेट. 'मॉरिशसला कुठली आलीय थंडी!' असं मीच म्हटलं. भडंगाच्या दोन पिशव्या मात्र तशाच राहिल्या.

आता नकाशा बघा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर आणि मॉरिशस दक्षिणेला साधारण २० अंशांवर. म्हणजे विषुववृत्त हा आरसा धरला तर ते जवळपास आपलंच प्रतिबिंब. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे जुलैत धो धो पाऊस, तेव्हा तिकडे हिवाळा. कडाक्याचा नाही, किनाऱ्यावर दिवसा छान हवा असते. पण आग्नेयेकडून वारा सतत वाहत असतो, पूर्वेच्या किनाऱ्यावर तर जास्तच. आणि बेटाचा मधला भाग हे पठार आहे. बेट बृहन्मुंबईच्या तिप्पट असेल-नसेल, पण किनारा आणि पठार यांच्या तापमानात सहज पाच अंशांचा फरक पडतो. घाट चढून लोणावळ्याला गेल्यासारखं.

हे सगळं मला गंगा तलावाला पोचल्यावर कळलं. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं ते पाणी, तिथल्या हिंदूंचं मोठं तीर्थ. प्रवेशालाच ३३ मीटर उंच, म्हणजे १०८ फुटी मंगल महादेव उभे. धुकं इतकं की महादेवांचं तोंड दिसेना. बारीक पाऊस, वर झोंबरा वारा. सत्तरीच्या सासूबाई कॉटनच्या ड्रेसमध्ये कुडकुडत होत्या. शेवटी समुद्रावर न्यायला म्हणून घेतलेला, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टॉवेल त्यांनी डोक्यावरून घेतला, हनुवटीखाली गाठ मारली आणि तशाच पिंडीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. लेकीने फोटो काढला. फॅमिली ग्रुपवर आख्ख्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त हसू त्याच फोटोला आलं. मी मात्र हसले नाही, कारण शाल माझ्यामुळे घरी राहिली होती.

तर माझं म्हणणं एवढंच: बॅग ठिकाणाच्या नावाने भरू नका, महिन्याच्या आणि उंचीच्या हिशोबाने भरा. 'बेट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, नारळाचं झाड आणि फुलाफुलांचा शर्ट. श्रीलंकासुद्धा बेटच, पण तिथलं नुवारा एलिया १८०० मीटरहून उंच आहे. महाबळेश्वरपेक्षाही वर. आणि श्रीलंकेत दोन मोसमी पाऊस दोन वेगळ्या बाजूंना पडतात. मे ते सप्टेंबरमध्ये दक्षिणेला गॉल-मिरिसाच्या बाजूला पाऊस असतो आणि पूर्वेला त्रिंकोमालीला ऊन. 'श्रीलंकेला छत्री न्यायची का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

गंमत अशी, की या विषयातले खरे जाणकार आपणच असायला हवेत. मुंबईकराला दमट हवा शिकवायची? जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपण काय करतो? जीन्स वाळत नाही म्हणून कपाटात मागे सारतो. मोबाइल आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत. ऑफिसच्या सॅकमध्ये एक सुका जोड, घडीची छत्री, छोटा नॅपकिन. एवढ्यावर लोकलमध्ये उभ्याने चार महिने काढतो. तीच आपण माणसं पासपोर्ट हातात आला की सगळं विसरून तीन-तीन जीन्स भरतो. जाडजूड जीन्स एकटीच सहाशे-सातशे ग्रॅम भरते, आणि खाऱ्या पाण्यात भिजली तर दोन दिवस वाळत नाही.

चपलांचं तर सांगायलाच हवं. मॉरिशसच्या बऱ्याचशा किनाऱ्याला लागून प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे आतलं पाणी शांत, उथळ. पण तळाशी प्रवाळाचे धारदार तुकडे, सी अर्चिनचे काळे काटे आणि कुठे कुठे दगडासारखा पडून राहणारा विषारी स्टोनफिश. अनवाणी उतरू नका असं सगळेच सांगतात. तिथे हॉटेलशेजारच्या दुकानात पाण्यातले बूट घ्यावे लागले, आणि किंमत रुपयांत करून बघितली तर जेवण जाईना. ते बूट हातात घेऊन मी बघतच राहिले. रबरी तळवा, मागे टाच झाकलेली, भोकंभोकं. अहो, आपण दर जूनला दादरच्या फुटपाथवरून घेतो ते पावसाळी बूट! तसाच एक जोड घरी गॅलरीत होता. (स्टोनफिशचा काटा कुठल्याही पातळ तळव्याला भारी पडेल, तेव्हा बूट आहेत म्हणून कुठेही पाय ठेवू नका. नुसत्या पट्ट्याच्या स्लीपर मात्र पहिल्या लाटेत जातात, नवऱ्याची एक गेली.)

दुसरं म्हणजे पूर्ण बाह्यांचा, घाम सुकतो तसल्या कापडाचा एक जुना टी-शर्ट. वारा गार असतो म्हणून ऊन लागतंय हे कळत नाही आणि रात्री पाठ पेटते. सनस्क्रीनची मोठी बाटली चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या वरचं चालत नाही. आणि नायलॉनची दोरी नि चार चिमटे. सासूबाईंनी हळूच भरले होते, मी निघताना नाक मुरडलं होतं. पाचही दिवस बाल्कनीत रोज कपडे त्यावरच वाळले. रोज दोन कपडे धुतले की दहाची गरज पाचावर येते, एवढं साधं गणित आहे. त्या कपड्यांच्या गुंडाळ्या करण्याच्या व्हिडिओंनी मात्र आमची दिशाभूल केली. गुंडाळीने जागा वाचते, वजन नाही. वाचलेल्या जागेत आणखी चार कपडे मावतात आणि मग रद्दीवाल्याला बोलवावं लागतं.

जाताना आमच्या चारपैकी एक बॅग तिथे पोचलीच नाही, दुसऱ्या दिवशी रात्री हॉटेलवर आली. नेमकी सासूबाईंची. बीपीच्या गोळ्या त्यांच्या पर्समध्ये होत्या म्हणून निभावलं. दिवसभर त्या नातीच्या पलाझोमध्ये वावरल्या आणि नंतर म्हणाल्या, 'हे बरं आहे गं, सुटसुटीत.' यापुढे प्रत्येकाचा एक जोड दुसऱ्याच्या बॅगेत. आणि औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. चिठ्ठी खरंच न्या, खोकल्याच्या आणि जोरदार वेदनाशामक औषधांबाबत तिथे फार कडक आहेत.

खाण्याबद्दल लिहिलं की नातेवाईक रागावणार, तरी लिहिते. आम्ही जवळजवळ चार किलो खाऊ नेला. आणि तिथल्या राजधानीत, पोर्ट लुईच्या बाजारात काय मिळतं? ढोल पुरी. डाळ भरलेली मऊसूत पोळी, दोन एकावर एक, आत घेवड्याची रस्सेदार उसळ नि चटणी. गातो पिमां नावाची भजी खाल्लीत तर डाळवडाच वाटेल. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून आपली माणसं तिथे गेली, त्यात मराठीही होती, आजही तिथे मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. अशा ठिकाणी शाकाहारी माणूस उपाशी राहील ही भीती कुठून आली, कोण जाणे. प्रवासाच्या दिवसापुरता डबा न्या की. कढीपत्ता, ताजी फळं, रोपं, बिया मात्र नका नेऊ, परवान्याशिवाय चालत नाहीत. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढा. तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून विमानात त्यांना मनाई आहे.

भडंगाची एक पिशवी आम्ही आमच्या टॅक्सीवाल्याला दिली. दुसरी भांडुपला परत आली.

बाकी किरकोळ. तिथे इंग्लंडसारखी चौकोनी तीन पिनांची सॉकेट, आपला चार्जर बसत नाही. ॲडॉप्टर मुंबईत लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात घ्या, विमानतळावर नको. पॉवर बँक फक्त केबिनमध्ये. हॉटेलात टॉवेल असतात.

ता. क. माझा भाचा डिसेंबरात बायकोबरोबर मॉरिशसलाच चाललाय. टॉवेलवाला फोटो बघून त्याने यादीत दोन स्वेटर आणि मफलर लिहिलाय. डिसेंबरात तिथे ऐन उन्हाळा, शिवाय चक्रीवादळांचे दिवस. मी सांगितलं, स्वेटर काढ, रेनकोट आणि डासांचं मलम घाल, वर जाणार असशील तर एक पातळ जॅकेट पुरे. काल बहिणीचा फोन आला. तिने स्वेटर परत भरलेत. वर भडंगही देतेय, म्हणाली, तुमची पिशवी उरलीच आहे ना.