ट्रू, फॉल्स आणि खालचे काका

परवा रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी माझ्या आजोबांनी मला परीक्षेत उत्तरं पुरवली, असा ठपका माझ्यावर आला. आजोबा २००९ साली गेले.

लॅपटॉपचं म्हणणं, ‘खोलीत एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.’ दुसरा चेहरा भिंतीवरच्या फोटोतला, चंदनाचा हार घातलेला. तीन वेळा इशारा देऊन सराव परीक्षा आपोआप बंद पडली. पैसे भरून घेतलेली होती, म्हणून सांगतेय.

मागचं थोडक्यात उरकते. नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात पाच वर्षं काढल्यावर एका कन्सल्टिंग फर्ममध्ये अर्ज टाकला. नाव सांगत नाही, अजून आशा आहे. पहिली पायरी ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्टची : आकडे, उतारे, आकृत्या, आणि एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर. आकृत्यांमध्ये नऊ चौकोन, प्रत्येकात बाण वेगळ्या दिशेला तोंड करून उभा, आणि शेवटच्या चौकोनातला बाण कुठे वळेल ते ओळखायचं. द्वारका चौकातून रोज जाणाऱ्या माणसाला हे विचारू नये. तिथे बाण कुठेच वळत नाही, नुसता हॉर्न वाजवतो.

आकड्यांत आईने लक्ष घातलं. कांदा वीसचा तीस झाला तर वाढ पन्नास टक्के आणि तिसाचा परत वीस झाला तर घट तेहतीस टक्के, हे मी मोठ्याने घोकत होते. आई भाजी निवडता निवडता थांबली. “दहा रुपये वाढले, तेच दहा उतरले. मग मधले सतरा टक्के कोणी खाल्ले?” मी तिला पायाभूत किंमत वगैरे समजावलं. तिला पटलं नाही. लासलगावला कोणाला तरी विचारलं पाहिजे म्हणाली.

पण हे सगळं परवडलं. उताऱ्यांना मात्र खालचे काका आले.

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आमच्याकडे प्रेस म्हटलं की इस्त्री नव्हे, नोटांची. छापून आलेल्या शीटमध्ये चूक शोधण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर शीट मिळेनाशा झाल्यामुळे ते आता माणसं तपासतात. डबा परत द्यायला वर आले आणि मी घड्याळ लावून बसलेय हे पाहून म्हणाले, “मोबाइलचं घड्याळ कशाला? वेळ मी धरतो.” मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

या उताऱ्यांची रीत अशी, की खाली एक विधान असतं आणि आपण ट्रू, फॉल्स किंवा कॅनॉट से यांतलं एक निवडायचं. उताऱ्यात आहे तेवढंच धरायचं, स्वतःचं ज्ञान घराबाहेर काढून ठेवायचं. उतारा होता एका वाचनालयाचा. सभासद वाढले, आणि त्याच वर्षी वाचनालय संध्याकाळी दोन तास जास्त उघडं राहू लागलं. विधान : वेळ वाढवल्यामुळे सभासद वाढले. मी ‘कॅनॉट से’वर टिचकी मारली.

“का?” काका.

“उताऱ्यात कारण दिलेलं नाही, काका.”

“उताऱ्यात दिलेलं नाही, पण देवाने अक्कल दिलीय ना? वेळ वाढवली म्हणून कोणी वाचायला येतं का, पोरी? जुना ग्रंथपाल रिटायर झाला असणार. खेकसायचा तो.”

“कोण?”

“ग्रंथपाल.”

“उताऱ्यात ग्रंथपाल नाहीये.”

“रिटायर झाला म्हणून नाहीये.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. शिवाय ते मधूनच “चाळीस सेकंद” असं ओरडत होते, म्हणजे वादही वेळेतच घालायचा.

पुढच्या उताऱ्यालाही मी तेच उत्तर दिलं तेव्हा त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. “आमच्याकडे शीट हातात आली की दोनच गोष्टी. पास नाहीतर बाद. सांगता येत नाही म्हणणारा दोन दिवस टिकला नसता. आणि काय गं, हे लिहिणाऱ्याला खरं काय ते माहीत आहे ना?”

“असेल.”

“मग आपल्यापासून लपवतोय. अशा माणसाकडे नोकरी कशाला करायची?”

मला हे थोडंसं पटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. कारण मी वाढले त्या गावात ‘कॅनॉट से’ असा पर्यायच नाही. पावसाळ्यात गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे पंचवटीत पाय न ठेवलेला माणूससुद्धा छातीठोक सांगतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पानवाल्याला पाठ असतं, आणि दोन पानवाल्यांचे आकडे कधी जुळत नाहीत. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीने एकाएकी ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ असं कुठून म्हणायचं?

“पण कन्सल्टिंग म्हणजे करायचं काय?” काकांनी निघता निघता विचारलं.

“दुसऱ्याच्या कंपनीत जायचं, काय चुकतंय ते सांगायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे.”

काका दारात थांबले. “पैसे घ्यायचे?” आपण इतकी वर्षं कुठे चुकलो, ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

ते गेल्यावर मी वेबकॅम लावून पूर्ण सराव परीक्षा सुरू केली आणि आजोबा सापडले. आई फोटो काढू देईना. टॉवेल टाकते म्हटल्यावर तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच फोटोत गेले. “लॅपटॉप हलव,” म्हणाली. हलवला. आता पाठीमागे गव्हाची कोठी, गाद्यांचा ढीग आणि खुंटीवर बाबांची पँट. सूचनांमध्ये लिहिलंय, शांत, बंद दाराच्या खोलीत एकटे बसा आणि कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवा. हे लिहिणाऱ्याने वन रूम किचन पाहिलेलं नसावं. आमच्याकडे एकटं बसायला दार बंद होतं ते एकच, आणि तिथे लॅपटॉप नेता येत नाही. बाबा रात्रपाळी करून त्याच खोलीत झोपतात, घोरणं हा दुसऱ्या माणसाचा आवाज धरला जातो. अभ्यासिकेत जावं तर तिथे स्पर्धा परीक्षांची चाळीस मुलं, म्हणजे चाळीस चेहरे. परीक्षा बुद्धीची आहे म्हणे. मला तरी पहिला प्रश्न चौरस फुटांचाच आला, आणि त्यात मी नापास आहे.

खरी परीक्षा शनिवारी अकराला. काकांनी मदत म्हणून बिल्डिंगच्या ग्रुपवर संदेश टाकला : ‘वरच्या मजल्यावरील मुलीचे शनिवारी काउन्सेलिंग आहे. सर्वांनी शांतता राखावी.’

तेव्हापासून जिन्यात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. वॉचमनने मला स्वतःहून नमस्कार केला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी काल माझा हात हातात धरून “मनात ठेवू नकोस गं काही” असं सांगितलं आणि घरी केलेल्या ब्राह्मीच्या तेलाची बाटली दिली. मी समजावायला गेले तर त्यांचे डोळे भरून आले, मग सोडून दिलं.

तेल चांगलं आहे पण.