साडेचार सूत

मालवणला स्कूबा डाइव्हिंगला गेलो होतो. बोटीवर हवेच्या सिलेंडरला रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, लावला, व्हॉल्व्ह उघडला आणि माझ्या मानेमागून बारीक आवाज यायला लागला. होडीवाल्या दादांनी कान टवकारले. म्हणाले, "तुमचा जनावर फुसफुसता हा." कोकणात जनावर म्हणजे साप, एवढं मालवणी मला येतं. त्यामुळे मी रबरी सूटसकट बोटीच्या दुसऱ्या टोकाला पोचलो.

जनावर म्हणजे माझी होज होती. ही रबरी नळी जिथे पितळी टोकात चेपून बसवतात, तिथे वाकून तुटू नये म्हणून तिच्यावर प्लास्टिकचं एक टोपरं असतं. ते अधूनमधून मागे सरकवून आत बघायचं असतं. मी सहा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. आत रबराला भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. त्या दिवशीचे डाइव्ह मग भाड्याच्या रेग्युलेटरवर केले. त्याच्या माउथपीसवर आधीच्या कुणाच्या तरी दातांचे ठसे होते, आणि माझे दात काही त्यात बसेनात.

पुण्याला परतताना ठरवलं, होजा आपणच बदलायच्या. फर्स्ट स्टेज म्हणजे सिलेंडरवर बसून प्रेशर उतरवणारा भाग. तिच्या पोटातल्या स्प्रिंगा न् सीटं हे शिकलेल्या माणसाचं काम, तिथे मी हात लावत नाही. पण होज म्हणजे काय, आट्यांची नळी. जुनी सोडवायची, नवी लावायची. "त्यात काय एवढं," असं मी घरी म्हणालो. ज्या सुरात म्हणालो, त्याच सुरात आमच्या घरात यापूर्वी एक मिक्सर आणि दोन इस्त्र्या उघडल्या गेल्या आहेत.

नव्या होजा आल्या. रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी फर्स्ट स्टेज मांडली. तिला चार नळ्या: तोंडात धरायची, जॅकेटात हवा भरायची, प्रेशर गेजची, आणि जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची पिवळी. या पिवळ्या प्रकरणाला ऑक्टोपस म्हणतात. आई म्हणाली, "म्हणजे हे जेवणाच्या टेबलावर नको." टेबल गेलं. मी गॅलरीत आलो.

गॅलरीत बाबा होते. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, पण वर्कशॉप त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही.

"पाना कितीचा लागतो?"

"नऊ सोळांश इंच."

"साडेचार सूत म्हण की!"

इंचाचे आठ सूत, हे गणित शाळेत कुणी शिकवत नाही. माझ्याकडचा पान्यांचा सेट मिलिमीटरचा. साडेचार सूत म्हणजे चौदा मिलिमीटर आणि वर थोडंसं. चौदाचा पाना नटावर चढेना. पंधराचा चढला, पण डुगडुगायला लागला. नट पितळेचा, वरून क्रोम. एकदा कोपरे गेले की तो नट उरत नाही, गोटी होते. बाबा काही न बोलता उठले, माळ्यावरून डालड्याचा डबा काढला आणि त्यातून लेलँडच्या जमान्यातला एक काळाकुट्ट इंची पाना माझ्या हातात ठेवला. नटावर असा बसला की जणू तिथेच वाढला होता.

गेजची होज वेगळी. तिच्यात सिलेंडरचं पूर्ण प्रेशर असतं, दोनशे बार. बाकीच्या तिघींत फर्स्ट स्टेजने उतरवून दिलेलं, नऊ-दहा बारच्या आसपास. अदलाबदल झाली तर होज फुटेल, म्हणून बनवणाऱ्यांनी भोकंच वेगळी ठेवली आहेत: कमी प्रेशरचं तीन सूत, जास्तीचं साडेतीन. या अर्ध्या सुतावर कित्येक मूर्ख आजवर तरले असतील. मी दोनदा तरलो.

"दोनशे बार म्हणजे किती पौंड?" बाबांनी विचारलं.

"तीन हजाराला थोडे कमी."

बाबांची सगळी नोकरी शंभरेक पौंडांच्या टायरांबरोबर गेलेली. ते जरा वेळ त्या करंगळीएवढ्या नळीकडे बघत राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते सकाळपासून धरून बसले होते.

"टेफलॉन लावलं का?"

टेफलॉन लावायचं नसतं. घरातल्या पाइपाचे आटे निमुळते असतात. ते एकमेकांत रुतून पाणी अडवतात, म्हणून तिथे टेफलॉन, आणि त्याआधीच्या काळात सफेदा आणि धागा. इथले आटे सरळ. ते फक्त धरून ठेवतात, हवा अडवते ती बुडाशी बसलेली रबराची बारीक कडी, ओ-रिंग. टेफलॉनचा तुकडा सुटून आत गेला, तर तीस मीटर खाली माझ्या श्वासाच्या झडपेत अडकेल. हे सगळं मी समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. दोनच वेढे मार मग."

ओ-रिंगा तर वेगळंच प्रकरण. कमी प्रेशरच्या टोकाला अकरा नंबर, गेजच्या टोकाला बारा. दोघींत दीड मिलिमीटरचा फरक. चष्मा लावून बघितलं तर दोन्ही अकरा वाटतात, काढून बघितलं तर दोन्ही बारा. जुनी काढायला सुई वापरायची नाही, खाचेला चरा गेला की कायमची गळती. मी प्लास्टिकचं दातकोरणं घेतलं. नवीला सिलिकॉन ग्रीसचा हात पुसला आणि ती उडाली. गॅलरीच्या जाळीपासून चपलांच्या रॅकपर्यंत आम्ही दोघं गुडघ्यांवर फिरलो. कुंडीही पालथी केली, तुळशीची नव्हे, शेजारची. अर्ध्या तासाने आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्या कोपराला काय चिकटलंय?"

होज बसवताना बाबा सारखे "आवळ" म्हणत होते. इथे आवळायचं नसतं. हाताने बसेल तितकी बसवायची, वर पान्याने जेमतेम टेकवायची. पान्याला पाइप अडकवून त्यावर उभं राहिलेल्या माणसाला हे पटवणं अवघड आहे. सेकंड स्टेजकडे, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाकडे, दोन पाने लागतात, एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने मागचा भाग धरायचा, नाहीतर आतली बसवणूकच हलते. दुसरा पाना बाबांनी धरला. तेवढा वेळ गॅलरीत शांतता होती.

सगळं झाल्यावर कौतुकाने रेग्युलेटर खुर्चीच्या पाठीवर टांगला, माणसाच्या खांद्यावर असतो तसा. तोंडात धरायची नळी उजव्या खांद्यावरून यायला हवी. ती डावीकडून आली. सगळं सोडवून पुन्हा.

आता तपासायचं कसं? घरात सिलेंडर नव्हता. स्विमिंग पूलवर शिकवणाऱ्या मित्राकडून भरलेला आणला, स्कूटरवर, पायांत उभा धरून. वॉचमनने रजिस्टरमध्ये लिहिलं, "ऑक्सिजन." मी म्हटलं, ऑक्सिजन नाही, साधी हवा आहे. "साधी हवा भरून आणली?" त्याने लिहिलेलं खोडलं नाही. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"

बाबा ठणठणीत होते. बाथरूममध्ये बादली भरून, लुंगी वर खोचून बसले होते, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो त्या थाटात. गेजची काच भिंतीकडे वळवून मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. काटा दोनशेवर गेला. फर्स्ट स्टेज बुडवली: काही नाही. सेकंड स्टेज: काही नाही. गेज बुडवला, आणि तीन-चार सेकंदांनी एक मणी वर आला. मग दुसरा.

"बघ!" बाबांना झालेला आनंद मी आयुष्यभर विसरणार नाही.

गेज जिथे होजवर फिरतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी एक पोकळ पिन असते आणि तिच्या दोन टोकांना दोन इवल्याशा ओ-रिंगा. मी जुनीच पिन उचलून नव्या होजमध्ये बसवली होती. व्हॉल्व्ह बंद करून, हवा सोडून, नवी पिन घातली आणि पुन्हा बादलीत. आम्ही दोघं पाच मिनिटं वाकून पाण्याकडे बघत होतो. एकही मणी नाही.

"बघू," म्हणत बाबांनी माउथपीस धुतला, तोंडात धरला आणि पाटावर टेकून श्वास घ्यायला लागले. दाराबाहेरून आईने विचारलं, जेवायला वाढू का. बाबांनी हाताने थांब म्हणून खूण केली, जी तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. काटा एकशेनव्वदवर आला, तेव्हा त्यांनी माउथपीस काढला.

"हवा चांगली आहे," ते म्हणाले. "पण टेफलॉन लावलं असतं, तर एका फेरीत काम झालं असतं."