टायपिंगची लय आणि ‘बोटांच्या ठशा’चा दावा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय, मला तो तीन ग्रुपांवरून आला. त्याचं म्हणणं असं: प्रत्येकाची टाइप करण्याची लय बोटांच्या ठशासारखी वेगळी असते; कॉम्प्युटर ती सतत तपासत राहिला की तुमच्या खुर्चीत दुसरं कोणी बसताक्षणी पकडलं जातं; ही लय चोरता येत नाही; आणि फक्त वेळ मोजला जातो, मजकूर पाहिला जात नाही, म्हणून काळजीचं कारण नाही. मी बावीस वर्षं टायपिंग शिकवते. हा मजकूर माझ्याच विद्यार्थ्यांनी पुढे पाठवला, म्हणून लिहिते आहे.

लय असते, हे अगदी खरं. मी हजेरी भरत असताना पाठीमागे कोण टाइप करतंय ते मला आवाजावरून कळतं. एक मुलगी स्पेसबार नुसता दाबायची नाही, आपटायची; डोळे मिटूनही ती ओळखू यायची. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे मोर्स (लांब-आखूड टिकटिकीच्या संकेतातले) संदेश टिपणारेही पाठवणाऱ्याचा ‘हात’ असाच ओळखायचे. १९८० साली अमेरिकेतल्या रँड संस्थेने व्यावसायिक टायपिस्टांवर याचा एक सुरुवातीचा नेटका प्रयोग केला. टायपिस्ट होते फक्त सात. मोजायच्या गोष्टी तेव्हापासून मुख्यतः दोनच: कीबोर्डची की किती वेळ दाबून धरली, आणि एका कीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागला.

पण ठसा? ठसा जन्मभर तोच राहतो. लय तशी राहत नाही, हे माझ्याइतकं कोण सांगणार? आमच्या क्लासचं कामच मुळी वेगवेगळ्या हातांना एका वळणावर आणणं. जूनमध्ये आलेल्या पोराचा हात डिसेंबरात ओळखू येत नाही. त्यात मराठी टाइप करणाऱ्याचा हात एकच नसतो. मराठी कीबोर्डच्या दोन मांडण्या घ्या: रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची, इनस्क्रिप्टमध्ये अक्षरानंतर. इनस्क्रिप्टमध्ये ‘क्र’ लिहायचा तर उजव्या हाताने क, डाव्याने हलन्त, पुन्हा उजव्याने र. हाच माणूस पाच मिनिटांनी इंग्रजी ईमेल लिहायला बसला की त्याची लय पार वेगळी. एकाच भाषेवर बेतलेल्या प्रोग्रामला इथे दोन माणसं दिसली तर नवल नाही.

आकड्यांकडे येऊ. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ५१ जणांकडून एकच पासवर्ड प्रत्येकी ४०० वेळा टाइप करून घेतला आणि १४ पद्धती एकाच मापाने तपासल्या. सगळ्यांत चांगल्या पद्धतीची चूक (खऱ्याला अडवणं आणि परक्याला सोडणं, दोन्हींचं प्रमाण सारखं येईल तिथे मोजलेली) साधारण ९.६ टक्के निघाली. प्रवेशनियंत्रणाच्या तेव्हाच्या युरोपीय मानकात खऱ्या माणसाला अडवण्याची चूक १ टक्क्याच्या आत आणि परक्याला सोडण्याची ०.००१ टक्क्याच्या आत लागायची. नव्या पद्धतींनी साध्या कीबोर्डवर चूक दोन-अडीच टक्क्यांपर्यंत आणली आहे, हे मान्य. मोबाइलच्या पडद्यावर ती आधी नऊच्या आसपास घुटमळत होती, आता साडेतीनच्या आसपास आली आहे.

आणि ‘सतत’ या शब्दातच खरी गोम आहे. समजा चूक फक्त १ टक्का आहे आणि तपासणी दर मिनिटाला होते. आठ तासांत ४८० तपासण्या, म्हणजे खऱ्या माणसावर दिवसाला चार-पाच वेळा खोटा संशय. शंभर जणांच्या ऑफिसात रोज जवळजवळ पाचशे. हे परवडत नाही, म्हणून बनवणारे लगेच दार बंद करत नाहीत; संशयाचे गुण साठवत जातात. मग परक्या माणसाला तेवढी मोकळीक मिळते. त्यातून जो नुसता माऊस धरून फाइली पेनड्राइव्हवर उतरवतो, तो एकही की दाबत नाही. त्याचं काय तपासणार?

चोरी होत नाही म्हणता? २०१३ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी लोकांना दुसऱ्याच्या टायपिंगची नक्कल शिकवली. कुठे घाई होते, कुठे उशीर, हे पडद्यावर दाखवत गेल्यावर अनेकांना ती साधली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. हात कुठून बदलून आणायचा?

‘फक्त वेळ मोजतो’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. ‘त’वरून ‘र’वर जायला लागलेला वेळ मोजायचा तर आधी ‘त’ आणि ‘र’ दाबले गेले हे कळावंच लागतं. मजकूर साठवला नाही तरी तो प्रोग्रामच्या डोळ्यांखालून जातोच. नुसता वेळही मुका नसतो. दोन कींमधल्या वेळेवरून पासवर्डबद्दल अंदाज बांधता येतो, हे २००१ मध्येच दाखवून झालं आहे. २०१६ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी की दाबून धरण्याच्या वेळांत पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) सुरुवातीच्या खुणा शोधल्या. डॉक्टरकडे हे वरदान आहे. पण मालकाच्या सर्व्हरवर माझ्या हाताच्या कंपाची नोंद कशासाठी? युरोपच्या कायद्यात वागण्यातून पटणारी ओळखही बायोमेट्रिक माहितीच्या व्याख्येत धरली आहे, ती उगाच नाही.

बँकेने ही लय इतर चार खुणांसोबत पाहावी आणि शंका आली तर ग्राहकाला फोन करावा, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मशीनच्या संशयालाच निकाल मानण्याला. माझी एक जुनी विद्यार्थिनी घरून डेटा एन्ट्रीचं काम करते. पापड तळताना उजव्या तर्जनीवर तेल उडालं, तिने पट्टी बांधून चार बोटांनी काम पुरं केलं. प्रोग्रामने दोनदा ‘ही व्यक्ती ती नाही’ असं ठरवलं आणि त्या दिवसाचे पैसे कापले गेले. तिने ईमेल केला. मग पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो पाठवला. बोट आता बरं झालंय, उत्तर अजून आलेलं नाही.