बोरोला तत्त्वज्ञान चिकटवण्याआधी

निळ्या जीन्सवर पांढऱ्या टाक्यांचा सुरेख फोटो आणि खाली मजकूर: ‘जपानी लोक शतकानुशतकं फाटके कपडे मुद्दाम दिसतील असे शिवतात, कारण अपूर्णतेत सौंदर्य असतं. किंत्सुगीसारखंच! तुम्हीही कुठलाही दोरा घ्या, धावदोरा घाला, झालं साशिको.’ साशिको म्हणजे जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालून कापड मजबूत करण्याची जपानी रीत; किंत्सुगी म्हणजे फुटकं भांडं सोन्याची रेघ दिसेल असं सांधणं. हा मेसेज इतक्या ग्रुपांवर फिरतोय की त्यातलं एकेक वाक्य तपासायलाच हवं.

‘कारण अपूर्णतेत सौंदर्य असतं.’ खरं कारण थंडी आणि गरिबी. ठिगळावर ठिगळ चढवलेल्या कपड्यांना नि पांघरुणांना बोरो म्हणतात. त्यांचे सर्वांत गाजलेले नमुने होन्शू बेटाच्या उत्तर टोकाचे, आओमोरीचे. तिथल्या थंडीत कापूस पिकत नाही. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) तिथल्या त्सुगारू संस्थानातल्या शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायलाही बंदी होती. अंगावर असायचं भांगेच्या वाखाचं विरळ कापड. त्यातून वारा आत शिरू नये म्हणून बायका विणीच्या फटी दोऱ्याने भरून काढत, तीच कोगिन ही भरतकामाची रीत. जुन्या सुती कापडाचे तुकडे ओसाकाकडून जहाजांनी येत. अशा मुलखात चिंधी टाकून देणार कोण?

आणि हो, त्या बायकांना सौंदर्याची हौस नक्की होती. त्सुगारूत ताण्याचे धागे विषम संख्येत मोजून, शेजारच्या नाम्बूत सम संख्येत मोजून शंकरपाळ्याची नक्षी भरत. पण ही नक्षी धडक्या कपड्यावर, सुरुवातीपासूनच. भोक सजवायला नव्हे.

‘मुद्दाम दिसतील असे.’ लोकसंस्कृतीचे अभ्यासक तानाका चूझाबुरो (१९३३–२०१३) यांनी आओमोरीच्या गावोगाव हिंडून हे कपडे जमवले, तेव्हा अनेक घरांना त्यांची लाज वाटत होती. त्सुगारू-नाम्बूच्या त्यांच्या संग्रहातल्या ७८६ साशिको वस्त्रांना १९८३ मध्ये सरकारने लोकसंस्कृतीचा महत्त्वाचा ठेवा म्हणून मान्यता दिली. कौतुक आलं ते असं, मागाहून. उलट काकेत्सुगी नावाची जपानी कारागिरी बघा: कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे काढून भोकावर असे विणतात की रफू शोधून सापडत नाही. डाग लपवण्याचं कसबही तितकंच जपानी आहे.

‘किंत्सुगीसारखंच.’ उरुशी झाडाच्या चिकाने आणि सोन्याने सांधलेली चहाची भांडी ऐपतदारांची. सोनं परवडणारं घर आणि चिंधी जपणारं घर एका ओळीत बसवणं मला त्या बायकांवर अन्याय वाटतो.

‘कुठलाही दोरा घ्या, धावदोरा घाला.’ साशिकोचा दोरा सुती, जाडसर, चमक नसलेला. शिलाईचा बारीक दोरा जीर्ण कापडाला कापत जातो. सुईवर बरेच टाके एकदम घ्यायचे, दोरा ओढला की अंगठा आणि बोटाने टाक्यांवरून कापड सारखं करायचं, नाहीतर चुण्या पडतात. वरचा टाका खालच्यापेक्षा जरा लांब, साधारण तीनास दोन. कोपऱ्यावर वळताना मागे दोऱ्याला थोडी ढील. ठिगळ आतून लावलं असेल तर टाके भोकाच्या कडेला थांबवू नका. सभोवतालच्या विरलेल्या भागावरून पार धड कापडापर्यंत न्या, नाहीतर पुढची फाट नेमकी टाक्यांच्या कडेने जाते. ताणल्या जाणाऱ्या जीन्सवर तर हे काम गुडघ्यापाशी फार जपून करावं, कारण कापड ताणतं, दोरा ताणत नाही.